घटक ६ : आज्ञेचे व्याकरण – कमांड लाइनवरील आज्ञांचा पदपरिस्फोट

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• संगणकाला दिलेल्या लिखित आज्ञेची घडण व्याकरणाच्या परिभाषेत सांगता येईल.
• आज्ञेतील कर्म, पर्याय आणि मूल्य यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य या संकल्पनांच्या आधारे आज्ञेची ग्राह्यता तपासता येईल.
• देवनागरीत आज्ञा लिहिताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांची कारणे सांगता येतील.

६.२ प्रास्ताविक

'पुढील वाक्यातील शब्दांचे व्याकरण चालवा' हा प्रश्न आपण शाळेत सोडविला आहे. वाक्यातील पदे सुटी करावयाची, प्रत्येक पदाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगावयाची आणि त्याचा क्रियापदाशी असलेला संबंध दाखवावयाचा, असे त्याचे स्वरूप असते. जुन्या व्याकरणग्रंथांत या क्रियेला 'पदपरिस्फोट' असे नाव आहे. संगणकाला एखादी लिखित आज्ञा दिली जाते तेव्हा ती पाळण्यापूर्वी संगणकालाही असाच पदपरिस्फोट करावा लागतो. तो कसा होतो, हे या घटकात पाहावयाचे आहे.

संगणकाशी व्यवहार करण्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावरील चित्रांवर आणि बटणांवर बोट ठेवणे हा एक. पडद्यावर एक ओळ लिहून ती यंत्राकडे पाठविणे हा दुसरा. या ओळीला 'कमांड लाइन' म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. लहान लहान साधने घ्यावीत आणि प्रत्येकाला एका ओळीत आज्ञा द्यावी, ही पद्धत युनिक्समुळे रूढ झाली. आजही मोठ्या प्रमाणावरील संहितांचा अभ्यास करणाऱ्यास ही पद्धत सोयीची वाटते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हिचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने पाहू. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीची रचना झाली. अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या असा तिचा विस्तार आहे. नवव्या अध्यायापासून बाराव्यापर्यंत 'अमृत' हा शब्द किती वेळा येतो, हे हाताने मोजावयाचे तर कित्येक दिवस लागतील. हे काम करणारे 'शोध' नावाचे एक साधन आपण तयार करीत आहोत, असे समजू. साधन उदाहरणापुरते कल्पिलेले आहे. ज्या नियमांनी ते चालेल ते नियम मात्र प्रत्यक्ष वापरातले आहेत. त्याला द्यावयाची आज्ञा अशी :

शोध --पासून ९ --पर्यंत १२ --मोजा अमृत ज्ञानेश्वरी

६.३ विषय-विवेचन

६.३.१ आज्ञावाक्याची घडण

'गाय आण' या वाक्यात 'आण' हे आज्ञार्थी क्रियापद आणि 'गाय' हे कर्म आहे. 'तू' हा कर्ता उच्चारलेला नाही. तो अध्याहृत आहे. 'लवकर गाय आण' म्हटले की क्रियेची रीत सांगणारे एक क्रियाविशेषण वाढते. कमांड लाइनवरील आज्ञेतही हीच अंगे आढळतात. पहिले पद म्हणजे साधनाचे नाव. ते क्रियापदाचे काम करते. 'अमृत' आणि 'ज्ञानेश्वरी' ही कर्मे : काय शोधावयाचे आणि कोणत्या फाइलमध्ये शोधावयाचे. '--मोजा', '--पासून', '--पर्यंत' ही पदे क्रिया कशी आणि कोठवर करावयाची ते सांगतात. त्यांना 'पर्याय' म्हणतात. 'पासून' या पर्यायासोबतचा ९ हा आकडा म्हणजे त्या पर्यायाचे 'मूल्य'.

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. कमांड लाइनवर ते आरंभी येते. याला कारण आहे. पहिले पद वाचल्याखेरीज ही ओळ कोणत्या साधनाकडे सोपवावयाची, हेच यंत्राला ठरविता येत नाही. मोठ्या साधनांत तर क्रियापद दोन पदांचे असते. उदाहरणार्थ, 'गिट' या साधनाला आज्ञा देताना प्रथम साधनाचे नाव आणि नंतर 'कमिट', 'पुश' यांसारखी उपआज्ञा लिहावी लागते. अशा वेळी पुढील पर्यायांचा अर्थ उपआज्ञेप्रमाणे बदलतो. एकच धातू निरनिराळ्या उपसर्गांनी निरनिराळी कर्मे मागू लागतो, तसाच हा प्रकार आहे.

६.३.२ पदच्छेद

पदपरिस्फोटाची पहिली पायरी म्हणजे पदे सुटी करणे. मोडी लिपीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. मोडी दस्तऐवज वाचणाऱ्याला पद कोठे संपते ते अर्थावरून ठरवावे लागते. यंत्राजवळ अर्थाचा हा आधार नसतो. म्हणून कमांड लाइनवर रिकामी जागा हीच पदाची सीमा मानली जाते.

हे काम आपले साधन स्वतः करीत नाही. 'शेल' नावाची व्यवस्था ओळ वाचते, रिकाम्या जागांवर ती तोडते आणि सुटी पदे क्रमाने साधनाच्या हाती देते. त्यामुळे फाइलचे नाव 'ज्ञानेश्वरी मूळ प्रत' असे असेल, तर साधनाला एका फाइलऐवजी तीन फाइली दिसतात. नाव अवतरणचिन्हांत घातले की शेल ते एकच पद मानते. सामासिक शब्द जोडून लिहावा हा लेखननियम आपण पाळतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पदच्छेदातील चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण संगणकक्षेत्रात प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये लिनक्ससाठीच्या 'बम्बलबी' या प्रकल्पाच्या एका स्क्रिप्टमध्ये, फाइली पुसण्याच्या आज्ञेत मार्गनावाच्या मध्ये एक अनावश्यक रिकामी जागा पडली. एका मार्गाचे दोन मार्ग झाले. आतील एक छोटे फोल्डर पुसावयाचे होते. प्रत्यक्षात 'यूएसआर' हे प्रणालीचे मुख्य फोल्डरच पुसण्याची आज्ञा गेली. यंत्राने वाचनात चूक केली नव्हती. लिहिलेले वाक्यच वेगळे होते.

६.३.३ स्थान आणि प्रत्यय

पदे सुटी झाल्यावर त्यांचा क्रियेशी असलेला संबंध कसा ओळखावा? भाषेत याचे दोन उपाय आहेत. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' या दोन्ही वाक्यांत मारणारा रामच आहे, कारण संबंध प्रत्ययांनी दाखविला आहे. याउलट 'हातोडा दगड फोडतो' या वाक्यात दोन्ही नामे पुल्लिंगी, एकवचनी आणि प्रत्ययरहित आहेत. 'दगड हातोडा फोडतो' असे म्हणताच अर्थ उलटतो. येथे पदाचे स्थान हाच संबंधाचा दर्शक आहे.

कमांड लाइनवर दोन्ही उपाय वापरले जातात. फाइलची नक्कल करणारी युनिक्सची 'सीपी' ही आज्ञा स्थानावर चालते. प्रथम मूळ फाइल, नंतर ठिकाण. क्रम उलटला तर जुन्या फाइलवर नवी चढण्याऐवजी नवीवरच जुनी चढते आणि केलेले काम नाहीसे होते. पर्याय मात्र प्रत्ययाचे काम करतात. '--पासून ९ --पर्यंत १२' याऐवजी '--पर्यंत १२ --पासून ९' असे लिहिले तरी अर्थ तोच राहतो. फरक इतकाच, की मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामानंतर येतात, तर कमांड लाइनवर पर्याय मूल्याच्या आधी येतो.

यावरून साधन घडविणाऱ्यासाठी एक व्यावहारिक नियम निघतो. कर्म एकच असेल किंवा क्रम स्वाभाविक असेल तेथे स्थान पुरेसे आहे. दोनपेक्षा अधिक कर्मे असतील, किंवा क्रम चुकल्याने हानी होणार असेल, तर प्रत्येक कर्माला नाव द्यावे. वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर जितका कमी भार, तितकी आज्ञा सुरक्षित.

आपली प्रगती तपासा – १
(अ) पदच्छेदाचे काम साधन करते की शेल?
(आ) स्थानावर चालणारी आणि प्रत्ययावर चालणारी मराठी वाक्ये प्रत्येकी दोन लिहा.

६.३.४ पर्यायांचे संकेत

पद कर्म आहे की पर्याय, हे ओळखण्यासाठी पर्यायाच्या आरंभी आडवी रेघ देण्याचा संकेत आहे. युनिक्समधील जुने पर्याय एका अक्षराचे असत व त्यांच्याआधी एक रेघ येई. आरंभी प्रत्येक साधन आपापल्या परीने पर्याय वाचीत असे. ही अनवस्था दूर करण्यासाठी १९८० च्या सुमारास 'गेटऑप्ट' हे वाचनसाधन आले आणि १९८५ मध्ये ते सर्वांना खुले झाले. पुढे पॉसिक्स या मानकाने पर्यायलेखनाचे नियम नोंदविले. ग्नू प्रकल्पाने दोन रेघांनंतर पूर्ण शब्द लिहिण्याची रीत रूढ केली. पायथॉन या भाषेत २०१० पासून 'आर्गपार्स' हे साधन अंगभूत आहे.

एकाक्षरी पर्याय जोडून लिहिता येतात, आणि येथे एक रंजक प्रश्न उभा राहतो. '-मन' असे लिहिले तर 'म' आणि 'न' हे दोन पर्याय समजावयाचे, की 'म' हा पर्याय आणि 'न' हे त्याचे मूल्य? केवळ ओळ पाहून याचे उत्तर मिळत नाही. उत्तर साधनाच्या घोषणेत असते. कोणता पर्याय मूल्य मागतो आणि कोणता मागत नाही, हे साधनकर्त्याने आधीच नोंदविलेले असते. '--मोजा' हा पर्याय एकटाच पुरेसा आहे. '--पासून' मूल्याशिवाय अपुरा आहे. पहिल्याला अकर्मक आणि दुसऱ्याला सकर्मक म्हटल्यास भेद लक्षात राहील. धातू सकर्मक की अकर्मक हे जसे कोशात पाहावे लागते, तसेच हे आहे.

आणखी एक संकेत महत्त्वाचा आहे. शोधावयाचा शब्दच रेघेने सुरू होत असेल तर? तेव्हा नुसत्या दोन रेघा एक स्वतंत्र पद म्हणून लिहितात. त्यानंतरची सर्व पदे, त्यांच्या आरंभी रेघ असली तरी, कर्मेच समजली जातात. एखादा शब्द त्याच्या अर्थासाठी न वापरता शब्द म्हणून उद्धृत करावयाचा असेल, तर आपण तो अवतरणात घालतो. या दोन रेघांचे काम तेच आहे.

६.३.५ आकांक्षा, योग्यता, सन्निधी

पदसमूहाला वाक्य केव्हा म्हणावे, याचा विचार भारतीय शास्त्रकारांनी बारकाईने केला आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे सांगितली आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. या विवेचनातील परंपरागत उदाहरणांत 'गाय आण' यासारखी आज्ञावाक्ये वारंवार येतात, हे विशेष लक्षात घ्यावे.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' अशी नुसती नामे उच्चारली तर वाक्य होत नाही. त्याचप्रमाणे 'शोध' एवढेच लिहिले तर काय शोधावयाचे, ही आकांक्षा अपुरी राहते. साधनाने येथे थांबले पाहिजे. काही आकांक्षा मात्र अध्याहाराने भागतात. '--पासून' दिलेले नसेल तर पहिला अध्याय आणि '--पर्यंत' दिलेले नसेल तर अठरावा, असे साधन गृहीत धरू शकते. 'गाय आण' यातील 'तू' जसा न सांगता कळतो, तशी ही गृहीत मूल्ये असतात. मात्र अध्याहार असा असावा, की जो कोणालाही सहज सुचेल.

योग्यता म्हणजे अर्थाची परस्परसंगती. 'विस्तवाने शिंपडतो' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही अर्थ देत नाही, कारण शिंपडण्याची योग्यता विस्तवाच्या ठायी नाही. '--पासून अमृत' यात मूल्य आहे, पण ते संख्या नाही. '--पासून २१' यात संख्या आहे, पण ज्ञानेश्वरीला एकविसावा अध्याय नाही. आर्गपार्ससारख्या साधनाला मूल्य संख्याच असावे, असे सांगून ठेवता येते. ग्रंथाला अठराच अध्याय आहेत, हे ज्ञान साधनकर्त्यालाच द्यावे लागते.

सन्निधी म्हणजे पदांचे सान्निध्य. 'गाय' आता म्हटले आणि 'आण' प्रहरभराने म्हटले तर बोध होत नाही. '--पासून --मोजा ९ अमृत ज्ञानेश्वरी' या आज्ञेत पर्याय आणि त्याचे मूल्य यांच्यामध्ये दुसरे पद घुसले आहे. येथे दोन वाचनसाधनांचे वर्तन भिन्न होते. आर्गपार्स थांबून 'मूल्य मिळाले नाही' असे सांगते. गेटऑप्ट मात्र सकर्मक पर्यायानंतरचे पद, ते कसेही असो, मूल्य म्हणून स्वीकारते. त्याच्या दृष्टीने '--मोजा' हेच 'पासून'चे मूल्य ठरते. मूल्य संख्या असावे ही योग्यता साधनाने पुढे तपासली नाही, तर चूक दडून राहते.

६.३.६ देवनागरीतील आज्ञा

वरील उदाहरणांतील आज्ञा आपण देवनागरीत लिहिल्या. प्रत्यक्षात तसे करताना काही अडचणी येतात आणि त्या मराठीच्या लेखनव्यवस्थेशी निगडित आहेत.

पहिली अडचण अक्षर या संकल्पनेची. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये साठविले जाते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. जुने गेटऑप्ट एका बाइटला एक अक्षर मानीत असल्याने 'म' हा एकाक्षरी पर्याय त्याला वाचता येत नाही. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते 'क्षे' यंत्राच्या दृष्टीने क, हलन्तचिन्ह, ष आणि मात्रा अशा चार चिन्हांचे असते. 'पासून' आणि 'पर्यंत' या दोहोंचे आद्याक्षर 'प' असल्याने लघुरूपांचा संघर्ष होतो तो वेगळाच. म्हणून देवनागरीत पूर्ण शब्दांचे पर्याय अधिक सोयीचे ठरतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. जुन्या प्रतींत ऱ्हस्व-दीर्घाचे लेखन एकसारखे नसते. म्हणून आपल्या साधनाला '--ऱ्हस्वदीर्घ-समान' असा पर्याय द्यावासा वाटेल. यातील 'ऱ' हा मराठीचा खास वर्ण युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो : स्वतंत्र 'ऱ' म्हणून, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा साधा 'र', हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. ऱ्ह या जोडाक्षरात ही रूपे डोळ्यांना एकच भासतात. यंत्र मात्र चिन्हांची तुलना करते आणि 'असा पर्याय नाही' म्हणून आज्ञा नाकारते. युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यास पहिली दोन रूपे एक होतात. तिसऱ्यासाठी साधनकर्त्याला वेगळा नियम लिहावा लागतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द शोधतानाही हीच दक्षता घ्यावी लागते.

तिसरी बाब अंकांची. पायथॉन भाषा '१२' या देवनागरी अंकांना संख्या म्हणून स्वीकारते. सी भाषेतील नेहमीची रूपांतरे स्वीकारीत नाहीत. चौथी बाब रेघेची. दस्तऐवज लिहिण्याची काही साधने लागोपाठच्या दोन रेघांची आपोआप एक लांब रेघ करतात. अशा दस्तऐवजातून उतरवून घेतलेली आज्ञा चालत नाही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

६.३.७ तात्पर्य

वक्त्याची इच्छा म्हणजे तात्पर्य. 'सैंधव आण' या आज्ञेत सैंधव म्हणजे मीठही होईल आणि घोडाही होईल. जेवणाच्या पानावर बसलेला मनुष्य बोलत असेल तर मीठ, प्रवासाला निघालेला बोलत असेल तर घोडा. हे ज्ञान प्रसंगातून येते. ओळ वाचणाऱ्या साधनाला प्रसंग दिसत नाही. 'अमृत' शोध म्हटल्यावर 'अमृताचे' हे रूप मोजावयाचे की नाही? अभ्यासक सहज सांगेल. साधनाला तो निर्णय आधीच कोणीतरी लिहून द्यावा लागतो.

म्हणून साधनकर्त्यापुढे खरा प्रश्न हा असतो, की आज्ञा संदिग्ध असेल तेव्हा साधनाने तर्क करावा की विचारावे. ग्नूच्या पद्धतीत लांब पर्यायाचे आरंभीचे भाग लिहिले तरी चालतात. '--मो' म्हणजे '--मोजा' हे ओळखले जाते. पण उद्या '--मोकळे' असा पर्याय नव्याने आला की '--मो' संदिग्ध होते आणि आजवर चाललेल्या आज्ञा अडतात. तर्काची ही किंमत असते. शोधण्या-मोजण्याच्या आज्ञेत चुकीच्या तर्काने फार तर आकडा चुकेल, आणि तो अभ्यासकाच्या प्रबंधात जाऊन बसेल. पुसण्याच्या आज्ञेत मूळ प्रतच नाहीशी होईल.

ग्रंथसंपादनाच्या परंपरेत याचा आदर्श आपल्यासमोर आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ दूर करणे हे त्या कार्याचे स्वरूप होते. अपपाठ बहुधा दुष्टपणाने शिरत नाहीत. न कळलेल्या जागी सुचेल ते घालणाऱ्या लेखनिकामुळे ते शिरतात. न कळलेली आज्ञा अंदाजाने पाळणारे साधन या लेखनिकासारखेच असते.

याचा अर्थ साधनाने नुसते मौन धरावे असा नाही. 'चूक' एवढाच संदेश देणारे साधन वापरणाऱ्याला दूर लोटते. संदेशात तीन गोष्टी असाव्यात : काय वाचले, काय अपेक्षित होते आणि आता काय करावे. उदाहरणार्थ :

'--पासून' या पर्यायाला '२१' हे मूल्य मिळाले. अध्यायक्रमांक १ ते १८ यांमधील असावा. अधिक माहितीसाठी 'शोध --मदत' लिहावे.

असा संदेश लिहिणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. तो नेमका, सौजन्यपूर्ण आणि वाचणाऱ्याच्या भाषेत असला पाहिजे. मराठीत काम करणाऱ्याला मराठीत उत्तर मिळावे ही अपेक्षा पूर्ण करण्यासाठी शब्दांच्या भाषांतराने भागत नाही. आकांक्षा कोठे अपुरी राहिली हे ओळखणारा व्याकरणाचा जाणकार तेथे लागतो.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'शोध --पर्यंत बारा अमृत ज्ञानेश्वरी' या आज्ञेत आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांपैकी कशाचा भंग होऊ शकतो? का?
(आ) गृहीत मूल्य आणि अध्याहार यांतील साम्य सांगा.

६.४ सारांश

कमांड लाइनवरील आज्ञा हे एक छोटे आज्ञार्थी वाक्य आहे. साधनाचे नाव हे क्रियापद, फाइली आणि शोधशब्द ही कर्मे, पर्याय हे क्रियेचे विशेषक. शेल पदच्छेद करते. साधन स्थान आणि पर्यायनाम यांच्या आधारे पदांचे संबंध ठरविते. मूल्य मागणारे पर्याय सकर्मक धातूंसारखे आणि न मागणारे अकर्मक धातूंसारखे असतात. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या कसोट्या यंत्राला लावता येतात. तात्पर्य त्याच्या आवाक्याबाहेर राहते. म्हणून संदिग्ध आज्ञा अंदाजाने न पाळता स्पष्ट शब्दांत परत विचारणे हे चांगल्या साधनाचे लक्षण होय. देवनागरीत आज्ञा लिहिताना वर्णचिन्हे, 'ऱ'ची रूपे, अंक आणि रेघा यांकडे लक्ष द्यावे लागते.

६.५ पारिभाषिक शब्द

पदपरिस्फोट – वाक्यातील पदांचे व्याकरण चालविणे.
पर्याय – आज्ञेची रीत किंवा मर्यादा सांगणारे, रेघेने सुरू होणारे पद.
मूल्य – पर्यायाला दिलेली संख्या किंवा शब्द.
शेल – आज्ञेची ओळ वाचून पदे सुटी करणारी व्यवस्था.
अध्याहार – न उच्चारलेले पद संदर्भाने गृहीत धरणे.
प्रमाणीकरण – एकाच वर्णाच्या भिन्न साठवणरूपांचे एकरूपात रूपांतर.

६.६ स्वाध्याय

१. 'पर्याय हे विभक्तिप्रत्ययांचे काम करतात' या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
२. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या संकल्पना कमांड लाइनच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या गावातील एसटी स्थानक, ग्रामपंचायत आणि बाजार समिती येथील दहा सूचनाफलक उतरवून घ्या. 'वाहने सावकाश हाका' यासारख्या प्रत्येक सूचनेतील क्रियापद, कर्म, विशेषक आणि अध्याहृत पदे दाखवा. त्यांतील ज्या सूचनांचे तात्पर्य प्रसंगावाचून कळत नाही, त्या वेगळ्या काढा आणि यंत्राला कळतील अशा रीतीने पुन्हा लिहा.